14 इंचात 2.8के स्क्रीन: जास्तीचे पैसे मोजून घेतलेला लॅग?

पिक्सेलग्रस्त
दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच फॅन लोक अंगावर येतात. 14 इंच, 2880×1800 (ह्यालाच 2.8के म्हणतात) ओलेड, 120 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला 120 चित्रं, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच. दुकानात व्हिडिओ लावून दाखवला, तो काळाकुट्ट काळा रंग बघून मी तिथेच पाघळलो, आणि घरी आणल्यावर कळलं की सोसायटीच्या मेंटेनन्सचं साधं एक्सेल खाली सरकवताना पण गचके खातंय, आणि टचपॅडवर तीन बोटं वर सरकवून सगळ्या विंडो एकदम बघायच्या म्हटलं की घाटात चढणारा लाल डबा आठवतो. माझा 1366×768 वाला जुना लॅपटॉप, ज्याची एक बिजागरी फेविक्विकवर उभी आहे, तो ह्या एका बाबतीत ह्याच्यापेक्षा सरस आहे हो!

भास नको म्हणून फोनवर 240 एफपीएसने (सेकंदाला 240 फ्रेम) स्लो मोशन शूट केलं आणि एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजलं. स्क्रीन 120 हर्ट्झची, म्हणजे पडद्यावरचं प्रत्येक चित्र व्हिडिओच्या 2 फ्रेममध्ये बदलायला हवं. माझ्याकडे तेच चित्र 8-8 फ्रेम ढिम्म. 33 मिलिसेकंद. पैसे 120 चे आणि माल 30 चा. मग रिझोल्यूशन 1920×1200 वर आणलं तर तेच अॅनिमेशन सुळकन गेलं, फक्त अक्षरं अशी दिसायला लागली की चष्मा पुसावासा वाटतो.

माझं मत: 14 इंचावर फुलएचडीच्या (1920×1080) वर काहीही घेणं म्हणजे पैसे देऊन लॅग विकत घेणं आहे. बोला.

रॅमराव
रॅम किती आणि स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, किती? आधी ते सांगा, मग मत मांडा.

पिक्सेलग्रस्त
8 जीबी. स्टिकचं काय माहीत, उघडून थोडीच बघितलंय. आणि एक्सेल स्क्रोल करायला किती रॅम लागते राव, टास्क मॅनेजरमध्ये अर्धी रिकामीच दिसते.

रॅमराव
किती भरली हा प्रश्नच नाहीये, किती वेगाने आत-बाहेर होते हा आहे. हिशोब करा. एक पिक्सेल 4 बाइट. 2880×1800 म्हणजे 51 लाख 84 हजार पिक्सेल, एक चित्र झालं जवळजवळ 21 एमबीचं. सेकंदाला 120 चित्रं म्हणजे अडीच जीबी, आणि हे फक्त तयार चित्र पडद्याकडे पाठवायला. ते तयार होताना विंडोज प्रत्येक विंडोचं वेगळं चित्र वाचतं, एकावर एक रचतं, परत रॅममध्ये लिहितं, आणि ती दुधी काचेसारखी पारदर्शक पट्टी असेल तर तिच्यामागे जे आहे ते पुन्हा वाचून धूसर करून पुन्हा लिहितं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची स्वतःची रॅम असते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ती नसते, ते प्रोसेसरच्याच रॅमवर जगतं. जुन्या वाड्यात एका नळावर दोन बिऱ्हाडं असायची तसं. डीडीआर4 3200 ह्या प्रकारच्या रॅमची एकच स्टिक असेल तर कागदावर सेकंदाला 25.6 जीबी, दोन असतील तर दुप्पट. तुमच्याकडे नळ एकच आहे असा माझा अंदाज.

दोन गोष्टी बघून इथे टाका. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे 'स्लॉट्स यूज्ड' काय लिहिलंय. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडॉप्टरचं नाव काय दिसतंय.

खारी_बुडवून
अर्धवट सहमत, पण धागाकर्त्याचा मूळ मुद्दा बरोबरच आहे की. नॉर्मल नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं बघू शकते असं धरतात. लॅपटॉप डोळ्यापासून 60 सेंटीमीटरवर असेल तर हे गणित इंचाला 145 पिक्सेलच्या आसपास येतं. 14 इंची फुलएचडी आत्ताच 157 वर आहे. तुमचं 2.8के 243. मधले सगळे पिक्सेल कोणासाठी? घरातल्या मांजरासाठी?

मुद्रितशोधक
मांजरासाठी नाही, माझ्यासाठी.

मी गेली 22 वर्षं पुस्तकांची प्रुफं तपासते, आधी कागदावर, आता बहुतेक पीडीएफवर. जुन्या 15.6 इंची फुलएचडीवर 'घ' आणि 'ध' ओळखायला मला पान 150 टक्के करावं लागायचं, कारण 'घ'च्या डोक्यावरची शिरोरेषा सलग आहे की तुटलीये हे एखाद-दोन पिक्सेलवर ठरतं, आणि तेवढ्यात पुसट राखाडी ठिपका आला की संपलं. 'भ' आणि 'म' तेच. 'उद्ध्वस्त'मध्ये ध खाली लटकलाय की 'उध्वस्त' असंच टाइप झालंय, 'तऱ्हा'मधला र बरोबर बसलाय का, कुठे अनुस्वार आहे की स्क्रीनवरची धूळ आहे (बोटाने पुसून बघितलंय, खोटं नाही सांगत), हे सगळं इंग्रजी वाचणाऱ्याला कळणार नाही. रोमन लिपीत डोक्यावर आणि पायाखाली इतका संसार नसतो. आता 2.8के वर अख्खं पान एका नजरेत वाचते. स्क्रोल किंचित अडखळतं, हो, मान्य. मला तेवढं चालतं, मी काय शर्यत लावलीये का.

आणि ते नजरेचं गणित दोन सुट्या रेघा वेगळ्या दिसतात का एवढंच सांगतं. एक सरळ रेघ मध्येच जराशी सरकली असेल तर तेच डोळे त्याहून कितीतरी बारीक फरक पकडतात. शिरोरेषेचं सगळं तिथेच आहे.

खारी_बुडवून
ताई, शिरोरेषेपुढे गणित हरलं. पण सगळे प्रुफं तपासत नाहीत ना.

उबंटूवाला
लिनक्सवर तर ह्याची वेगळीच मजा. 2.8के वर स्केलिंग (अक्षरं-आयकॉन किती मोठे दाखवायचे ते) 200 टक्के केलं की सगळं अवाढव्य, 100 वर मुंग्या, म्हणून 150 पाहिजे, आणि बरीच वर्षं हे 150 असं व्हायचं की आधी सगळं 200 ने काढायचं मग चेपून लहान करायचं. म्हणजे पडद्यावर आहेत त्यापेक्षा जास्त पिक्सेल रंगवायचे आणि मग फेकायचे. वेलँडमध्ये (लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवायची नवी पद्धत) अपूर्णांकातल्या स्केलिंगचा वेगळा प्रोटोकॉल 2022 च्या शेवटी आला, केडीईने तो आपल्या प्लाझ्मा 5.27 ह्या डेस्कटॉपमध्ये घेतला. आता प्रोग्रॅमला थेट '1.5 ने काढ' सांगता येतं. जुने प्रोग्रॅम अजून घोळ घालतात. बाकी तुमचं चालू द्या.

जुना_खोड
हे रडगाणं नवीन नाही मंडळी. आयबीएमचा टी221 मॉनिटर 2001 चा, 22 इंच, 3840×2400. तेव्हा आपण 800×600 वर खूश होतो. आणि तो एका साध्या डीव्हीआय केबलवर सेकंदाला किती वेळा चित्र बदलायचा? 13. तेरा! पूर्ण वेग हवा तर चार केबल लावा, तरी 41. एक्स-रे, नकाशे अशी स्थिर चित्रं बघणाऱ्यांसाठी होता म्हणून खपून गेलं.

मग जून 2012 मध्ये अॅपलने 15 इंची रेटिना मॅकबुक प्रो आणला, 2880×1800, म्हणजे धागाकर्त्याच्या स्क्रीनएवढेच पिक्सेल. त्यात 1920×1200 इतकी जागा दिसेल असा मोड निवडला की मशीन आतून 3840×2400 चं चित्र काढायचं आणि मग खाली चेपायचं. 92 लाख पिक्सेल, आणि बॅटरी वाचवायला बराच वेळ काम प्रोसेसरमधल्याच इंटेल एचडी 4000 ग्राफिक्सवर. सफारीत लांबलचक पान स्क्रोल करताना अडखळतं हे तेव्हाच्या रिव्ह्यूंमध्येही आलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये रेटिनावाला आयपॅड आला, ग्राफिक्सचे कोअर दुप्पट करून, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी चौथा जाहीर पण झाला. पडदा आधी पुढे पळतो, चिप मागून धापा टाकत येते. तेव्हा फुलएचडी घ्या सांगणारे होते, त्याआधी 1024×768 पुरे सांगणारेही होते, मी स्वतः त्यातलाच.

कोथरूडकर
विषय निघालाच आहे तर, मी 27 इंची 4के मॉनिटर जोडलाय लॅपटॉपला, माऊस पण चिखलातून गेल्यासारखा जातो. 4के चाच दोष ना?

रॅमराव
केबल कुठली, पोर्ट कुठलं? लॅपटॉपचं एचडीएमआय 1.4 असेल तर 4के फक्त 30 हर्ट्झवर चालतं. सेटिंग्जमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, आकडा बघा.

कोथरूडकर
30 आहे. तीन महिने मी माऊस बदलत होतो!! दोन घेतले.

पिक्सेलग्रस्त
रॅमराव, बघितलं. स्लॉट्स यूज्ड 2 पैकी 1. आणि डिस्प्ले अॅडॉप्टरला नाव दिसतंय 'यूएचडी ग्राफिक्स'. पण ह्या प्रोसेसरला आयरिस एक्सई (इंटेलचं वरच्या दर्जाचं ग्राफिक्स) असतं असं सगळीकडे लिहिलंय. फसवलं की काय?

रॅमराव
फसवलं नाही, तो नियमच आहे. ह्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये रॅम दोन चॅनेलवर, म्हणजे दोन नळांवर, असेल तरच आयरिस एक्सई नाव लागतं, एका चॅनेलवर तेच हार्डवेअर स्वतःला यूएचडी म्हणवून घेतं. मशीन स्वतःच सांगतंय की मी अर्धपोटी आहे. दुसऱ्या स्लॉटमध्ये 8 जीबी टाका आणि मग परत शूट करा. तोवर ट्रान्सपरन्सी इफेक्ट (तीच दुधी काच) बंद करा, आणि 120 चं 60 करून बघा. तुमच्या स्क्रीनला 120 वर फुलएचडी 60 च्या बरोबर पाचपट पिक्सेल ढकलायचे असतात, अडीचपट रिझोल्यूशनमुळे आणि दुप्पट रिफ्रेशमुळे. शिव्या मात्र सगळ्या रिझोल्यूशनला.

पिक्सेलग्रस्त
(रविवारचा अपडेट)

60 वर आणून आणि ट्रान्सपरन्सी घालवून गचके कमी झाले, पण मग 120 ची स्क्रीन कशाला घेतली हा प्रश्न पोटात राहिलाच. शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन 8 जीबीची स्टिक आणली. मागच्या झाकणाचे दहा स्क्रू, त्यातले दोन रबराखाली लपलेले, एक अजून सोफ्याखाली आहे. आत एक रॅम बोर्डावर डकवलेली आणि शेजारी रिकामा स्लॉट, आ वासून. चालू केल्यावर पहिल्यांदा डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि नाव खरंच बदललेलं, आयरिस एक्सई. बारशाला आल्यासारखं वाटलं.

120 वर परत आणून शूट केलं. बहुतेक चित्रं 2 फ्रेममध्ये बदलतायत, अधूनमधून 4. आठ एकदाही नाही.

रॅमरावांना साष्टांग. पण माझं मत मी मागे घेत नाही. अडीचपट पिक्सेलचा पडदा लावायचा, जाहिरातीत पहिल्या ओळीत 2.8के, 120 हर्ट्झ, ओलेड, आणि शेजारच्या स्लॉटमध्ये हवा. भिंत अडीचपट केली आणि रंगाऱ्याला ब्रश एकच दिला, वर म्हणायचं भिंतीचा काय दोष. माझ्यासारख्याने विकत घेताना रॅम किती हे विचारलं, किती चॅनेल हे कोण विचारतं? दुकानातल्या पोराला विचारलं असतं तर त्याने मला टीव्हीच्या काउंटरला पाठवलं असतं.

आणि बॅटरीवर अजून अडखळतंच. चार्जर काढला की परत लाल डबा.

रॅमराव
बॅटरीवर पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी'वर असणार, तो मधल्यावर आणा. बॅटरी थोडी कमी पुरेल. पण बघा, आता आपण दोघं एकच बोलतोय फक्त तुम्ही पडद्याला शिव्या घालताय आणि मी कंजूषपणाला. तुमच्या सल्ल्याने लोक फुलएचडी घेतील आणि त्यातही एकच चॅनेल असेल, तेव्हा काय 1366 वर जायचं?

पिक्सेलग्रस्त
जायचं की. बिजागरी तेवढी सांभाळायची.

खारी_बुडवून
मी अजूनही म्हणतो की ज्याला एक्सेल, मेल आणि क्रिकेटचा स्कोअर एवढंच करायचंय त्याने फुलएचडी घ्यावं आणि उरलेल्या पैशात जास्त रॅम घ्यावी. बॅटरी पण जास्त चालते, मागे कमी माल ढकलायचा असतो म्हणून.

मुद्रितशोधक
ह्याला माझा विरोध नाही. फक्त "14 इंचावर फुलएचडीच्या वर काहीही घेणं म्हणजे लॅग" हे वाक्य जरा सैल करा. आणि एक तक्रार माझीही लिहून ठेवते, आमचं मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर ह्या स्क्रीनवर पुसट दिसतं, कारण त्याला स्केलिंग कशाशी खातात माहीत नाही आणि विंडोज त्याचं चित्र नुसतं ताणून मोठं करतं. म्हणजे नवी पीडीएफ कोरीव आणि ज्यात ती बनते ते सॉफ्टवेअर धुक्यात. ते काम मी अजून जुन्या मशीनवर करते. टेबलावर दोन लॅपटॉप, मुलगा विचारतो आई शेअर बाजारात उतरलीस का.

धागाकर्त्याच्या पहिल्या पोस्टमध्ये काही चुका होत्या, सांगितल्या नाहीत.

पिक्सेलग्रस्त
ताई सांगा ना, ह्या स्क्रीनवर मला एकही दिसत नाहीये.

कोथरूडकर
नवीन केबल आणून टाइप-सी मधून जोडला, 60 झालं, माऊस एकदम पळायला लागला. आता जुन्या सवयीने आयकॉनच्या पुढे जातोय. दोन माऊस कोणाला हवेत का? बॉक्ससकट आहेत.