मदत हवी आहे: चवळीचा मुरघास बिघडला, म्हैस तोंड लावंना

चिक्कोडी भागातनं लिहितोय. चवळी आणि कडबा घालून मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा हवाबंद आंबवून टिकवायच्या, दोन बॅगा भरल्या होत्या. 21 दिवसांनी एक उघडली, तर खवट लोण्यासारखा वास, हाताला बुळबुळीत, तळाला काळं पाणी. म्हैस हुंगून मागं सरकते. दुसरी फोडू का नको? लवकर सांगा, कडबा आठवडाभराचाच उरलाय.

घटप्रभाकाठ: चवळी कापून सुकवली का? कडबा किती? गूळ घातला काय?

ऊसवाला_रायबाग: मुरघास करायचा तर मक्याचाच. दाणा चिकात आला की कापा, डोळं झाकून भरा.

धागाकर्ता: मका लावलेलाच नाही हो. विचारलं काय, सांगताय काय!

खानापूरचा_पाव्हणा: युरिया मारा. 100 किलो कडब्याला 4 किलो, 21 दिवस झाकायचं. आमच्यात सगळे करतात.

घटप्रभाकाठ: पाव्हणं, ते वाळक्या कडब्याला. चवळीत प्रथिनं जास्त, साखर कमी, आंबट व्हायलाच वेळ लागतो. वर युरिया घातला तर अमोनियानं आंबटपणा आणखी मारला जातो.

खानापूरचा_पाव्हणा: आमची जनावरं खातात, मेली नाहीत अजून.

ऊसवाला_रायबाग: तोवर वाडं (उसाचे हिरवे शेंडे) घाला की, फुकटात मिळतंय.

घटप्रभाकाठ: नुसत्या वाड्यावर ठेवू नका, त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षारानं जनावराला कॅल्शियम कमी पडतं. धागाकर्ते, आकडे द्या की.

धागाकर्ता: सकाळी कापली, दुपारी कुट्टी, संध्याकाळी बॅग बांधली. कडबा 100 किलोला 5 असंल. गूळ नाही. मूठ दाबली तर बोटांतनं पाणी गळत होतं, वाटलं रसरशीत आहे.

घटप्रभाकाठ: तिथंच गेलं सगळं. ओली चवळी म्हणजे 80 टक्के पाणी. 100 किलोला 20 किलो कडबा पडला तर ते 68 वर येतं. नाहीतर आधी दिवसभर पसरून सुकवा, मग कडबा कमी लागतो. 2-3 किलो गूळ अगदी थोड्या पाण्यात विरघळवून थराथरानं शिंपडा, तुडवून हवा काढा. मूठ सोडल्यावर गोळा सावकाश सुटला पाहिजे, हात ओला होता कामा नये. दुसरी तशीच भरली असेल तर ठेवून सुधारणार नाही. उघडून बघा, तोच वास आला तर खताच्या खड्ड्यात. व्यायला टेकलेल्या म्हशीला चुकूनही नको.

धागाकर्ता: काल तिलाच पाटीभर टाकलं होतं, निम्मं खाल्लं.

घटप्रभाकाठ: बंद करा आणि डॉक्टरांना आजच बोलवा.

ऊसवाला_रायबाग: कुट्टी मशीनला सबसिडी मिळते काय हो इकडं?