संमोहन शिकायचे आहे. दोन दिवसांचे प्रमाणपत्र पुरेसे ठरेल का?

शाहूपुरीची वाचक
नमस्कार. मी मानसशास्त्रात बी.ए. केले असून कोल्हापुरातील एका शाळेत चार वर्षे समुपदेशन करते. परीक्षेची धास्ती, नखे कुरतडणे, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन मुले येतात आणि त्यांवर संमोहनाचा उपयोग होतो असे वाचनात आले. राजारामपुरीत दोन दिवसांचा एक वर्ग होणार असून, १८,००० रुपयांत ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ मिळेल व तिसऱ्या दिवसापासून व्यवसाय सुरू करता येईल, असे जाहिरातीत म्हटले आहे. या कागदाला आपल्याकडे काही अर्थ आहे का? नसल्यास रीतसर मार्ग कोणता?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कोल्हापूर
ताई, ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. संमोहनतज्ज्ञांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात नाही, त्यामुळे असे प्रमाणपत्र कोणीही छापू शकतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहनाला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, तेव्हा नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी ती वापरावी असे म्हटले होते. ‘योग्य’ म्हणजे काय, हे स्पष्ट नसल्याचा फायदा जाहिरातदार घेतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर मात्र १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. एम.ए. नंतर दोन वर्षांचे एम.फिल. हा त्यासाठी रुळलेला मार्ग होता. आता अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्याने प्रवेशापूर्वी संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत स्वतः पाहून घ्या.

नजर स्थिर करायला लावणे, श्वास संथ करणे, ठरावीक लयीत सूचना देणे हे तंत्र दोन दिवसांत जमते, हे मी नाकारत नाही. झोप न लागणाऱ्या मुलाला परीक्षेची भीती आहे, घरात मार बसतो आहे, नैराश्य आहे की भ्रमांची सुरुवात झाली आहे, हे ओळखायला मात्र वर्षानुवर्षे रुग्ण पाहावे लागतात. भ्रम होणाऱ्या रुग्णावर अर्धवट माहितीने संमोहन केल्यास त्रास बळावू शकतो. शिवाय संमोहनात ‘आठवलेले’ सारे खरे नसते. सूचक प्रश्नांमुळे न घडलेली घटनाही माणसाला घडल्यासारखी वाटू लागते, आणि वर्गाच्या पत्रकात ‘पूर्वजन्म’ असेल तर तिथूनच मागे फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्रत्येकावर हमखास परिणाम’ हा अशा वर्गांचा दावाही टिकत नाही, कारण संमोहनक्षमता माणसागणिक वेगळी असते. तिच्या मोजणीची स्टॅनफर्ड श्रेणी १९५९ पासून वापरात आहे.

दंतवैद्य, मंगळवार पेठ
मी असाच वर्ग केला आहे. पहिला दिवस रंगमंचावरील प्रयोगासारखा गेला. खुर्च्यांवर माणसे आडवी ठेवली गेली, टाळ्या पडल्या. तरी शिकलेले वाया गेले नाही, कारण सुईला घाबरणाऱ्या रुग्णाला शांत करण्यापुरते ते मला उपयोगी पडते आणि दाताचे पुढचे काम मला येतेच. मात्र एका रुग्णाने नवऱ्याच्या व्यसनासाठी ‘तेवढे संमोहन करा’ म्हणून गळ घातली, तेव्हा मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले. डॉ. मिल्टन एरिक्सन यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेली अमेरिकेतील क्लिनिकल संमोहनाची संस्थाही मुळात आरोग्यसेवेतील पदवीधरांनाच शिकवते.

शाहूपुरीची वाचक
आभारी आहे. वर्गाचे पैसे अजून भरलेले नाहीत, ते आता एम.ए. साठी ठेवीन. तोपर्यंत शाळेतील मुलांना निदान शिथिलीकरण शिकवले तर चालेल का?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कोल्हापूर
अवश्य शिकवा. दीर्घ श्वसन आणि स्नायू क्रमाने सैल सोडणे एवढेच ठेवा, त्याला संमोहन म्हणू नका आणि पालकांची लेखी संमती घ्या. एखादे मूल आवाज ऐकू येतात म्हणाले किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्याच दिवशी पालकांना बोलावून सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा. रात्री-अपरात्री १४४१६ ही टेलिमानस सेवा, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, विनामूल्य आहे.