लिव्हरपूलचे करंडक नक्की किती: ४७, ५२ की ६८?

राखीव_गोली

इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या विक्रमांचा आणि जिंकलेल्या करंडकांचा मराठी तक्ता करायला घेतलाय, २०२४-२५ हंगामाअखेरपर्यंतचा. एकूण करंडक एकीकडे ४७ दिसतात, दुसरीकडे ५२, तिसरीकडे ६८. यातलं खरं कुठलं? स्ट्रायकर इयन रशचे गोल ३४६ की २२९? सर्वांत मोठा विजय ११-०, १०-१ की ९-०? आणि एक्सेलमध्ये कॉलम कुठले ठेवू म्हणजे पुन्हा पुन्हा दुरुस्त करावं लागणार नाही?

ऑफसाइड_काका

करंडकांचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. मांडून बघा.

लीग २०, एफए कप ८, लीग कप १०. देशातले झाले ३८. युरोपियन कप म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग ६, यूएफा कप म्हणजे आताची युरोपा लीग ३. बेरीज ४७. त्यात यूएफा सुपर कप ४ आणि क्लब वर्ल्ड कप १ धरला की ५२. वर कम्युनिटी शील्ड (लीग आणि एफए कप विजेत्यांमधला हंगामाच्या तोंडावरचा सामना) १६ टाकली की ६८.

इथेच थांबेल असं नाही. दुसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे खालच्या श्रेणीची, चार विजेतेपदं आहेत (१८९३-९४, १८९५-९६, १९०४-०५, १९६१-६२), ती धरणारे ७२ सांगतील. क्लबचा पहिलाच हंगाम, १८९२-९३ ची लँकेशायर लीग, घेतली तर ७३. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती तेव्हा १९८५-८६ साठी फुटबॉल लीगने सुपर कप नावाची एक स्पर्धा भरवली होती. तिचा अंतिम सामना लांबत लांबत सप्टेंबर १९८६ मध्ये दोन लेगमध्ये (दोघांच्या मैदानांवर एकेक सामना) झाला आणि लिव्हरपूलने एव्हर्टनला एकूण ७-२ हरवलं. ती धरली तर ७४. हिला यूएफा सुपर कपच्या ओळीत घालू नका, नाव सारखं असल्याने ही चूक हमखास होते.

शील्डच्या १६ मध्ये ५ विभागून मिळालेल्या आहेत: १९६४, १९६५, १९७७, १९८६, १९९०. तेव्हा सामना बरोबरीत सुटला की ढाल दोन्ही क्लबांची. १९७४ ची मात्र विभागलेली नाही, लीड्सला पेनल्टीवर हरवून मिळालेली आहे. म्हणून नुसतं १६ न लिहिता «१६, पैकी ५ विभागून» लिहा.

माझं मत विचाराल तर ठळक आकडा ५२ ठेवा आणि शील्ड वेगळ्या ओळीत. एका सामन्याची शील्ड आणि अडतीस सामन्यांची लीग एकाच बेरजेत घालणं मला पटत नाही. अर्थात सुपर कपही एकाच सामन्याचा असतो, तेव्हा यावर वाद घालायला जागा आहे.

डावा_विंगर

काकांनी बेरीज दिली, मी सालांबद्दल लिहितो, कारण तक्ता सर्वांत जास्त तिथेच बिघडतो.

एफए कप आणि लीग कपला अंतिम सामन्याचं वर्ष लावतात, लीगला जोडसाल. शील्ड नव्या हंगामाच्या तोंडावर होते, म्हणजे २०२२ ची शील्ड २०२२-२३ मध्ये जाते. क्लब वर्ल्ड कप डिसेंबर २०१९ मध्ये झाला, तो २०१९-२० चा. माद्रिदला जिंकलेली चॅम्पियन्स लीग जून २०१९ मधली असली तरी हंगाम २०१८-१९.

हे न पाळल्याने २००१ चा घोळ होतो. «एका हंगामात पाच करंडक» असं सर्रास छापलं जातं. हंगामात तीनच: लीग कप, एफए कप, यूएफा कप. शील्ड आणि सुपर कप ऑगस्टमध्ये आले, म्हणजे पुढच्या हंगामात. पाच म्हणायचं तर «२००१ या कॅलेंडर वर्षात» म्हणा. १९८३-८४ चे तीन (लीग, लीग कप, युरोपियन कप) आणि २०००-०१ चे तीन यांना दोन्हीकडे ट्रेबल म्हणतात, पण घटक वेगळे आहेत. शेजारी लिहाच.

तेव्हा कॉलम असे: स्पर्धेचं तेव्हाचं नाव, आताचं नाव, हंगाम, अंतिम सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, स्कोअर, निकाल कसा लागला (नियमित वेळ, जादा वेळ, पेनल्टी, रिप्ले म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेला सामना), विभागून की एकट्याचा. तारखेचा कॉलम असला की हंगाम आणि वर्ष दोन्ही त्यातून काढता येतात. उलटं जमत नाही.

आकडे_तपासनीस

रशकडे वळू. २२९ हे फक्त लीगमधले गोल. पूर्ण फोड अशी:

लीग ४६९ सामने, २२९ गोल
एफए कप ६१, ३९
लीग कप ७८, ४८
युरोप ३८, २०
इतर १४, १०

उभी बेरीज करा: ६६० सामने, ३४६ गोल. कुठल्याही खेळाडूची ओळ अशी उभी जुळली नाही तर ती तक्त्यात घ्यायची नाही. बहुतेक वेळा फरक «इतर»मध्ये सापडतो. रशच्या बाबतीत काकांनी सांगितलेला १९८६ चा सुपर कप याच रकान्यात बसतो, आणि त्या अंतिम सामन्यात दोन लेग मिळून त्याचे पाच गोल होते. रश मध्येच युव्हेंटसला जाऊन आला, त्यामुळे काही ठिकाणी त्याच्या दोन ओळी असतात: लीगमध्ये आधी २२४ सामन्यांत १३९, नंतर २४५ सामन्यांत ९०. पहिलीच ओळ उचलली तर तुमचा विक्रमवीर रॉजर हंटच्याही खाली जाईल.

लीगमधल्या गोलांत हंट रशच्या पुढे आहेच: २४४. जुन्या पुस्तकांत २४५ आणि एकूण २८५ ऐवजी २८६ छापलेले आढळतील. क्लबचा आकडा २४४ आणि २८५ आहे, तोच घ्या आणि तळटीप द्या. हंटच्या १९६१-६२ मधल्या ४१ गोलांशेजारी «दुसरं डिव्हिजन» लिहायला विसरू नका. पहिल्या डिव्हिजनमध्ये १९८३-८४ ला रशचे ३२, प्रीमियर लीगमध्ये २०१७-१८ ला सालाहचे ३२. आकडा एकच, पण रशचा हंगाम ४२ सामन्यांचा, सालाहचा ३८ चा.

शूटआउटमधल्या पेनल्टी गोलांत धरत नाहीत. मैत्रीपूर्ण सामने, युद्धकाळातल्या प्रादेशिक लीग आणि तीन फेऱ्यांनंतर रद्द झालेली १९३९-४० ची लीगही नाही. १९४५-४६ फसवं आहे: त्या हंगामात एफए कप अधिकृत, लीग नाही. बिली लिडेलचे ५३४ सामने आणि २२८ गोल याच नियमाने येतात. इयन कॅलहनच्या ८५७ सामन्यांना हा प्रश्न नाही, तो १९६० पासूनचा.

ऑफसाइड_काका

मोठ्या विजयाचं राहिलं. ११-० हा सर्व स्पर्धांमधला: १७ सप्टेंबर १९७४, कप विनर्स कप ही युरोपीय स्पर्धा, नॉर्वेचा स्ट्रम्सगोडसेट, आणि नऊ वेगवेगळ्या खेळाडूंचे गोल. १०-१ हा लीगमधला, १८९६ साली रॉदरहॅम टाउनविरुद्ध, पण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. पहिल्या श्रेणीत ९-० दोनदा: १९८९ ला क्रिस्टल पॅलेस, २०२२ ला बोर्नमथ. १०-१ आणि ९-० दोन्हींत अंतर नऊच आहे, म्हणून विक्रम फरकाने मोजताय की केलेल्या गोलांनी, ते शीर्षकातच लिहा. मोठा पराभव: १-९, बर्मिंगहॅम सिटी, डिसेंबर १९५४.

गुणांचंही तसंच. इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण १९८१-८२ पासून. १९७८-७९ ला ३० विजय, ८ बरोबरी, ४ पराभव: तेव्हाचे ६८ गुण, आजच्या हिशेबाने ९८. २०१९-२० ला ३२ विजय, ३ बरोबरी, ३ पराभव: ९९. एका गुणाचाच फरक दिसतो, पण पहिले ४२ सामन्यांतले, दुसरे ३८. दर सामन्याला २.३३ आणि २.६१. बचावात मात्र १९७८-७९ ला तोड नाही, ४२ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले आणि त्यातले घरच्या ॲनफील्ड मैदानावर चारच.

राखीव_गोली

आभार सगळ्यांचे. ५२ ठळक, शील्ड खाली वेगळी. आता दोनच रकाने रिकामे आहेत: प्रेक्षकसंख्या आणि सर्वांत महागडी खरेदी.

डावा_विंगर

ॲनफील्डवर ६१,९०५, वुल्व्ह्सविरुद्ध एफए कप, २ फेब्रुवारी १९५२. तेव्हा लोक उभ्याने सामना बघत. नव्वदच्या दशकात सगळीकडे खुर्च्या आल्या, कॉप या स्टँडमध्ये १९९४ ला, आणि क्षमता घटली.

खरेदीच्या रकान्यात खात्रीची रक्कम आणि अटींवर मिळणारी रक्कम वेगळी ठेवा. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या फ्लोरियन विर्ट्झच्या खरेदीच्या बातम्यांत १० कोटी पौंड आणि वर १.६ कोटी अटींवर, असं होतं. हे एकत्र करून ११.६ कोटी लिहिलं, की शेजारच्या ओळीतल्या खेळाडूची नुसती खात्रीची रक्कम लिहून तुलना फसते. शिवाय हा व्यवहार २०२५-२६ चा. तुमचा तक्ता २०२४-२५ ला संपतो, तेव्हा तो त्यात बसतच नाही.