टर्कीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू का?

खळ्यातला, गुहागर
घरी पंधराएक गावठी कोंबड्या आहेत. ओळखीच्याने टर्कीची आठ अंडी दिलीत, फिकट, वर तपकिरी ठिपके. एक कोंबडी खुडूक आहे, तिच्याखाली ठेवू? घरापुरती अंडी मिळतील का? आई म्हणते, आधी आहेत त्या सांभाळ.

चिऱ्याचं घर, मालवण
ठेव, पण पाचच, आणि सगळी टर्कीचीच. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, टर्कीचं २८. मी सरमिसळ केली होती. स्वतःची पिल्लं चिवचिवली तशी बाई उठली ती उठलीच, बाकीची गार.

टर्कीची पिल्लं मठ्ठ. दाणे पुढ्यात असून उपाशी मरतात, माझी दोन तशीच गेली. मग उकडलेलं अंडं बारीक चिरून घातलं, पाण्याच्या थाळीत पोराच्या काचेच्या गोट्या टाकल्या. काही चकाकलं की चोच मारतात.

खरा घात पुढे झाला. तीन महिन्यांची झाली आणि पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली, शीट पिवळीधमक. दोन दिवसांत तीन आडवी. डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं, काळजावर, म्हणजे यकृतावर, खळगे पडल्यासारखे गोल डाग. कोंबडीच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांतून हा रोग मातीत येतो. कोंबड्या मस्त हिंडतात, टर्की मरतात. म्हणून पिल्लं फुटली की लगेच उचल आणि बल्बखाली ठेव, कोंबडी कधी फिरकली नाही अशा जागी.

खळ्यातला
मग कोंबडीखाली ठेवायचीच कशाला?

चिऱ्याचं घर
२८ दिवस फुकटची ऊब मिळते. तुमच्याकडे लाईट जात नाही वाटतं?

मांगरकर, संगमेश्वर
अंड्यांसाठी टर्की नको. मादी सातव्या महिन्याच्या सुमारास अंड्यावर येते आणि वर्षाला शंभराच्या आतच घालते. मटणासाठी पाळ. नीट खाद्य दिलंस तर नर चार महिन्यांत सात किलोच्या आसपास भरतो. पावसाळ्यात खाली भाताचं तूस घाल, ओलं झालं की त्याच दिवशी काढ. शेजाऱ्यांनाही सांगून ठेव: आमचा नर शिमग्यात ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ओरडून उत्तर देतो.

खळ्यातला
आईला वाचून दाखवलं. जुना गोठा देते म्हणाली, तिथे कोंबड्या जात नाहीत. पाच अंडी संध्याकाळी ठेवली. उरलेल्या तिनांची पोळी तिने आधीच केली.