गेम बॅक करणं हा छंद म्हणायचा का?

कपाटभर
काल कपाट आवरताना मोजलं. सहा वर्षांत किकस्टार्टर आणि गेमफाउंडवर (गेम बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या साइट्स) मिळून १४ बोर्ड गेम्सना आगाऊ पैसे लावले, म्हणजे 'बॅक' केले. ११ आले. त्यातल्या ५ खोक्यांचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. एकात सत्तरेक मिनिएचर (खेळातल्या छोट्या मूर्ती) आहेत, सगळी राखाडी. रंगवायची म्हणून ब्रश आणले होते, ते मुलीने चित्रकलेच्या तासाला नेले.

माझं मत: आपण खेळायचा नाही, वाट बघायचा छंद जोपासतो. मोहिमेच्या शेवटच्या ४८ तासांत 'एक्सक्लुझिव्ह' मिनिएचर हुकेल म्हणून धडधडतं, आपण ऑल-इन जातो, म्हणजे सगळ्या जोडण्यांसकट घेतो, आणि खोका येईपर्यंत ज्यांच्यासाठी घेतला त्यातला एक बंगळुरूला गेलेला असतो, दुसऱ्याला जुळी झालेली असतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी थांबलोय. पटत नसेल तर भांडा.

फासेवाला
भांडतोच. ग्लूमहेवन या गेमचंच घे. दहा किलोच्या आसपासचा खोका, कुठला मोठा प्रकाशक जोखीम घेऊन छापणार होता? २०१५ मध्ये बॅकर्सनी ३.८६ लाख डॉलर दिले म्हणून तो निघाला. २०१७ च्या दुसऱ्या छपाईला ४० लाखांच्या घरात जमले, आणि २०२० मध्ये त्याच्या पुढच्या भागाला, फ्रॉस्टहेवनला, ८३ हजारांहून जास्त लोकांनी मिळून १ कोटी २९ लाखांवर. आपल्याकडे कोशाचे खंड प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवतातच की. (ते खंड किती जण उघडतात, तो वेगळा धागा.)

हिशेबी मावशी
अरे, प्रकाशनपूर्व सवलत देणाऱ्याचं दुकान अप्पा बळवंत चौकात असतं. उशीर झाला तर जाऊन काउंटरवर हात आपटता येतो. किकस्टार्टरने २०१२ मध्येच सांगून टाकलंय की आम्ही दुकान नाही. म्हणजे पाया खणलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करायचा, तोही महारेराशिवाय.

'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' नावाचा गेम होता. मागितले ३५ हजार डॉलर, जमले १.२२ लाख, आणि २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली, तेव्हा पैसे घरभाड्यात वगैरे गेल्याचा आरोप होता. १.११ लाखाचा निवाडा झाला, पण भरायची ऐपत नाही म्हणून वसुली स्थगित. घ्या.

फासेवाला
मावशी, अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो गेम पुढे क्रिप्टोझोइक या दुसऱ्या प्रकाशकाने छापला आणि बॅकर्सना फुकट पाठवला.

हिशेबी मावशी
म्हणजे तिसऱ्याच्या चांगुलपणावर चाललेला छंद. बरं.

ठाणे स्लो
दोघंही टोकाचं बोलताय. सरळ फसवणूक क्वचितच होते. खरं दुखणं खोका निघाल्यावर सुरू होतं. २०२१ मध्ये कंटेनरचे भाव भडकले तेव्हा एका कंपनीचा (नाव घेत नाही) मला मेल आला: छपाई झालीये, भाड्यासाठी जादा २९ डॉलर भरा, नाहीतर तुमचा खोका गोदामातच. भरले. मग कुरिअरवाल्याचा फोन, कस्टमचे साडेचार हजार तयार ठेवा. मूळ प्लेज (बॅक करताना भरलेली रक्कम) नऊ हजारांचं! बायकोला अजून फक्त नऊच माहीत आहेत.

आणि हे आपल्यापुरतं नाही. असले बहुतेक खोके चीनमध्ये बनतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर १४५ टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा आधीच पैसे घेऊन बसलेल्या छोट्या प्रकाशकांच्या तोंडचं पाणी पळालं. महिन्याभरात शुल्क उतरलं खरं, पण तोवर कित्येकांनी माल तिकडेच थोपवून धरला होता. मी अजूनही बॅक करतो, पण एकच नियम पाळतो: जो आधीचा गेम पोचवल्याशिवाय नवी मोहीम काढतो, त्याला एक छदाम नाही.

कपाटभर
हा नियम मला सहा वर्षांपूर्वी सांगायचास. न आलेल्या तिघांपैकी दोन एकाच माणसाचे आहेत.

ग्लूमहेवनचं मान्य. पण फासेवाल्या, तू तो दुकानातून घेतलास, बॅक कुठे केला होतास?

फासेवाला
सापडलो. पण कोणीतरी बॅक केला म्हणून दुकानात आला ना! ते जाऊ दे, तुझे ते पाच बंद खोके कोणते? रविवारी मोकळा आहे. मिनिएचर राखाडी असली तरी मरतात.

कपाटभर
कोथरूडला ये, चारनंतर. चारच धर मात्र. पाचव्याची नियमपुस्तिका जर्मनमध्ये आलीये.