मदत हवी आहे: टेकआउट उघडलं, सगळ्या फोटोंवर आजचीच तारीख

मुक्काम_हलवतोय
गूगल फोटोज सोडतोय. टेकआउट, म्हणजे गूगलने दिलेली आपल्या डेटाची प्रत, उतरवून अनझिप केलं, तर दहा वर्षांचे फोटो आजच काढल्यासारखे दिसतायत. उद्या खातं बंद करायचंय, लवकर सांगा. गोपनीयतेवर व्याख्यान नको.

खिळापट्टी
तारीख कुठे बघताय? फाइल मॅनेजरमध्ये दिसते ती बहुतेक फाइल डिस्कवर लिहिल्याची. फोटो काढल्याची तारीख फाइलच्या आत एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने लिहिलेल्या माहितीत असते. विंडोज की मॅक? किती जीबी? पुढे टाकणार कुठे?

ढगफुटी
इमिच. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं, गूगल फोटोजसारखं ॲप. डॉकरवर (ॲप चालवायची तयार चौकट) चढवा आणि 'इमिच-गो' या जोडसाधनाला सगळ्या झिप एकदम द्या, उघडायचीही गरज नाही. अल्बमसकट आत जातं.

मुक्काम_हलवतोय
विंडोज. ११० जीबी, २-२ जीबीच्या ५५ झिप. कुठे टाकायचं ते नंतर बघू. प्रत्येक फोटोमागे जेसन नावाची एक छोटी मजकूर फाइल होती, तो कचरा आधीच उडवलाय.

खिळापट्टी
अहो, तो कचरा नव्हता! खातं अजिबात बंद करू नका.

कॅमेऱ्याच्या फोटोंना धोका नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे 'डेट टेकन' दिसेल. पण व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो, स्क्रीनशॉट, स्कॅन यांच्यात एक्झिफ तारीख सहसा नसतेच. तुम्ही गूगल फोटोजमध्ये हाताने सुधारलेली तारीख, लिहिलेलं वर्णन, हेही जेसनमध्येच. आत 'फोटोटेकनटाइम'खाली १५५२३९६५२२ असा आकडा असतो: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. म्हणजे १२ मार्च २०१९, १३:१५:२२, तेही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत.

झिप ठेवल्यायत ना?

कुलूपकिल्ली
इमिचमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, म्हणजे फक्त आपल्याच किल्लीने उघडेल असं कुलूप नाही. सर्व्हर ज्याच्या हातात, त्याला सगळे फोटो उघडे. गूगलकडेही फोटो एन्क्रिप्टेड असतात, पण किल्ली त्यांच्याकडे. किल्ली आपल्याकडे हवी तर एन्टे ही फोटो सेवा.

ढगफुटी
सर्व्हर माझाच असेल तर मी कोणापासून लपवू? आणि एन्टेत पासवर्ड आणि २४ शब्दांची रिकव्हरी की दोन्ही हरवले की फोटो गेले, कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही.

कुलूपकिल्ली
मग ते २४ शब्द कागदावर लिहा, दोन जागी ठेवा. तुमचा सर्व्हर चोरीला गेला तर? डिस्क एन्क्रिप्ट केलीय का? पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, थेट इंटरनेटवर उघडलाय की वायरगार्डमधून (खासगी व्हीपीएन) जाता?

आळशी_अजगर
फोटोंचं सोडा, आधी ईमेल हलवा. जीमेल तसंच ठेवून काय साधणार? स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो.

खिळापट्टी
@अजगर, सल्ला बरा आहे, पण विचारलंय कोणी?

@ढगफुटी, इमिच सुचवताना हेही सांगत जा की नुसत्या फोटोंच्या फोल्डरचा बॅकअप पुरत नाही. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये असतात, त्याचाही डंप, म्हणजे काढून ठेवलेली प्रत, हवा. आणि एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे दोघांनाही लागू.

मुक्काम_हलवतोय
भांडण नंतर. झिप आहेत, तीन सोडून. जागा नव्हती म्हणून त्या काढल्या.

खिळापट्टी
इथेच गोची आहे. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये, असं सर्रास होतं. त्यामुळे ५५ च्या ५५ लागतील. इमिच नको असेल तर सगळ्या एकाच फोल्डरमध्ये उघडा आणि मग एक्झिफटूल या प्रोग्रॅमने जेसनमधली वेळ फोटोत लिहा, पण फक्त 'डेट टेकन' रिकामी असलेल्या फोटोंत. लांब नावं मध्येच कापलेली असतात, तिथे जोडी जुळत नाही. 'एडिटेड' शेपटीच्या फोटोंना स्वतःची जेसन नसते, मूळ फोटोची वापरा. अल्बममधले फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही असतात, दुप्पट आले म्हणून घाबरू नका.

मुक्काम_हलवतोय
जुनी लिंक मुदत संपली म्हणतेय. नवीन टेकआउट मागवतो, ५० जीबीचे तुकडे करून. निदान मोजायला सोपं.

खिळापट्टी
१० चे घ्या. ५० चा तुकडा उतरता उतरता तुटला तर तो अख्खा पुन्हा. आणि जुन्या-नव्या झिप मिसळू नका, तुकडे दर वेळी वेगळे पडतात. बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीवरची फाइल बसणारच नाही, ते आधी बघा.

मुक्काम_हलवतोय
फॅट३२च आहे.