"पहिल्या पुरुषाची छाप" म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

निशिगंध: काल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी टाकलं की बाईचा पहिला संबंध ज्याच्याशी आला त्याची छाप तिच्या पुढच्या सगळ्या मुलांवर राहते, आणि हे विज्ञानाने सिद्ध झालंय. खाली हात जोडलेल्यांची रांग. त्याच ग्रुपवर माझी बहीण आहे, दुसरं लग्न झालेली, पाचवा महिना चालू. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. स्त्रीबीज सुटल्यावर फार तर एक दिवस जगतं, शुक्राणू आत फार तर पाचेक दिवस. एक आत शिरला की बीजाचं कवच बदलतं आणि बाकीचे बाहेरच राहतात. त्याची 23 गुणसूत्रं, बीजातली 23, बाप ठरला. आधीच्या नवऱ्याचं यात येतंच काय? ही समजूत घोड्यांच्या पैदाशीतली. 1820 च्या आसपास ब्रिटनमध्ये लॉर्ड मॉर्टनच्या घोडीला आधी क्वागापासून, म्हणजे झेब्र्याच्या नामशेष झालेल्या भाऊबंदापासून, शिंगरू झालं, नंतर अरबी घोड्यापासून झाली त्यांच्याही अंगावर पट्टे दिसले. डार्विननेही ते खरं मानलं होतं. पुढे 1890 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये इवार्ट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने घोड्या आणि झेब्रा घेऊन मुद्दाम प्रयोग केले, छापबिप काही निघाली नाही. झेब्रा जन्मात न बघितलेल्या घोडीच्या शिंगरालाही असे पट्टे येतात.

पेठकरी: ताई, अर्धवट सांगू नका. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात माश्यांवर प्रयोग झाला, पिल्लांचा आकार आईच्या पहिल्या नराप्रमाणे निघाला. उगाच पूर्वजांना अडाणी ठरवायची फॅशन झालीये.

निशिगंध: मग तो पूर्ण वाचा. पिल्लं दुसऱ्याच नराची होती. पहिल्या नराला खायला चांगलं मिळालं होतं की नाही त्यावर आकार बदलला, तो बहुधा त्याच्या वीर्यातल्या द्रवामुळे, अंडी कच्ची असताना. बाप बदलला नाही. आणि माशीवरून माझ्या बहिणीचं चारित्र्य मोजणार का तुम्ही?

पेठकरी: चारित्र्य मी काढलंच नाही, तुम्ही काढताय. बरं, माशी सोडा. साधा रक्तगट बघितला तरी कळतं की. आमच्या ओळखीत बाप ओ, आई ए, पोरगं बी. आता काय शास्त्र सांगणार?

नळीतपासनीस: हे वाचून राहवलं नाही. मी रक्तपेढीत काम करतो. अशीच केस आमच्याकडे आली होती, बाप ओ, आई ए, मुलगी बी, आणि त्या बाईला सासरच्यांनी माहेरी पाठवून दिलेलं. गल्लीतल्या लॅबने नुसतं ए आणि बी चं अभिकर्मक, म्हणजे तपासणीचं रसायन, घालून "ओ" लिहून दिलं होतं. आम्ही त्या माणसाचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव, ओ गटाच्या पेशींशी लावला तर नळीत सरळ गुठळ्या. खऱ्या ओ माणसाच्या सीरमने ओ पेशींना काही होत नाही. तो बॉम्बे गट होता. आपल्याच मुंबईत 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला. ए आणि बी च्या खुणा ज्यावर बसतात तो एच हा पायाच अशा माणसाच्या पेशींवर नसतो, त्यामुळे अंगात बी चा जनुक असूनही तपासणीत ओ दिसतो. मुलीला बापाकडून बी आला, आईकडून एच, म्हणून तिचा बी दिसला. भारतात साधारण दहा हजारांत एखादा असतो. कार्डावरच्या अक्षरावरून बाप ठरवू नका हो, संसार मोडतात!

पेठकरी: दहा हजारांत एक ना? मग बाकीच्या 9,999 जणांचं काय?

नळीतपासनीस: त्यात कार्डावर चुकीचा गट लिहिलेले किती, ते मोजायला या एकदा आमच्या टेबलावर.

सावित्रीची_नात: बाप कोण हे विचारायला सगळे पुढे. मला दोन्ही वेळा मुलगी झाली तेव्हा सासूबाई दवाखान्यातच म्हणाल्या, हिच्या कुशीतच खोट. एक्स की वाय हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं हे त्यांच्या बीएस्सी झालेल्या मुलाला माहीत होतं, तोंडातून एक शब्द काढला नाही त्याने. तेव्हा कुठे असतं हो तुमचं विज्ञान?

पेठकरी: तुमच्या सासूचा राग माझ्यावर काढू नका. माझं म्हणणं सरळ आहे, जन्मतःच प्रत्येक मुलाची डीएनए टेस्ट सक्तीची करा, गालातला कापूस फिरवायला किती वेळ लागतो? विषय संपला.

काळाकोट: संपत नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरतात, पुराव्याच्या कायद्याचं जुनं कलम 112, आता साक्ष अधिनियमाचं 116. नवरा-बायको एकत्र येणं शक्यच नव्हतं हे दाखवावं लागतं. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका घटस्फोटाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं की बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला पोराची टेस्ट मागायची नाही, पोर त्या भांडणात पक्षकार नाही.

पेठकरी: आणि 2014 चा निकाल सोयीस्कर विसरलात? डीएनए नाही जुळला तर कायद्याच्या गृहीतापेक्षा रिपोर्ट मोठा, पोटगी नाही, हेही सुप्रीम कोर्टच म्हणालं.

काळाकोट: बरोबर, म्हणालं. पण तिथे रिपोर्ट हातात आलेला होता. इथे तुम्ही प्रत्येक बाळंतिणीला आरोपी करून सुरुवात करताय.

पेठकरी: रक्तगटाचं मानलं, चला. ओळखीतल्या त्यांना पुन्हा तपासून घ्या म्हणून सांगतो. सक्तीच्या टेस्टवर मात्र मी ठाम आहे.

नळीतपासनीस: सांगाच. आणि रक्तपेढीत जा म्हणावं, त्याच लॅबमध्ये नको. बॉम्बे गट निघाला तर त्या माणसाला उद्या साधं ओ रक्त चढवलं तरी जिवावर बेतेल.

निशिगंध: आणि त्या पोराच्या आईला आत्तापर्यंत कोणी काय काय ऐकवलंय तेही विचारा, पेठकरी.